आबाच्या वाट्याचा शेवटचा युरिया

आबा, तुझ्या दारावर बसायला आलेल्या माणसांनी तुला शांत करून टाकलं. "फार शांत माणूस होता," असं सगळ्यात आधी कोण म्हणालं ते मला आठवत नाही, पण असं वाक्य एकदा ओट्यावर पडलं की पुढचा पाहुणा तेच उचलतो. नरडाण्याचे म्हणाले, शिरपूरचे म्हणाले. आणि शेजारच्या वावराचा, आपल्या विहिरीतला वाटेकरी रतननाना, ज्याच्याशी तू पाण्याच्या पाळीवरून बारा महिने भांडलास, त्यानंही टोपी काढून सांगितलं, "आबानी कधी कोनले उलटं सांगं नही."

मी खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीला टेकून बसलो होतो. मला उठून ओरडावंसं वाटलं, की अहो, हा माणूस जन्मभर उलटंच बोलला, आणि त्यातलं निम्मं माझ्याशी बोलला. माझा हिस्सा असा परस्पर वाटू नका. पण सुतकातल्या माणसानं ओरडायचं नसतं. शिवाय काय सांगणार होतो? लोकांच्या भावाभावांत जमिनीवरून वाद असतात, आईच्या दागिन्यांवरून असतात. आपला वाद मक्याला युरिया कधी घालायचा यावरून होता. ऐकणाऱ्याला हसू आलं असतं, आणि दारावर आलेल्या माणसाला हसू येणं बरं दिसत नाही.

वडिलांच्या, दादांच्या माघारी शेताच्या मधोमध बांध पडला. रस्त्याकडचा वाटा तुझा, नाल्याकडचा माझा. विहीर तेवढी एकच राहिली, त्यामुळे एकमेकांशी बोलणं टाकायची सोय आपल्याला कधी मिळाली नाही. मी पिंप्राळ्याला राहणारा, शाळेत कारकुनी करणारा, शनिवारी पॅसेंजरनं शिंदखेड्याला उतरून रविवारी शेतकरी होणारा. तू मला 'सायब' म्हणायचास. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी सुखावलो असतो.

पावसाळी मक्यावर तुझं म्हणणं सरळ होतं. पीक गुडघ्याला लागलं की एकदाच पोटभर वाढायचं आणि मोकळं व्हायचं. माझं म्हणणं, थोडं थोडं तीन वेळा द्यावं, पावसानं एक वेळचं वाहून नेलं तरी दोन वेळचं उरतं. आता हे माझं डोकं नव्हतं. ते मी एका शेतकरी मेळाव्यात ऐकलं होतं, आणि तिथं शेवटी वडा-चहा होता म्हणून शेवटपर्यंत बसलो होतो. तुला हे कळलं तेव्हा तू गावभर सांगत सुटलास, "आप्पा सोता वडा खाई उना, आन मक्याले डायटवर बसाडं!"

एका वर्षी तू युरिया घातलास आणि दुसऱ्याच दिवशी असा पाऊस कोसळला की तुझं सगळं वाढलेलं ताट नाल्यानं खालच्या गावाकडे गेलं. त्या पावसाळ्यात नाल्याकाठचं गवत हिरवं काळंभोर झालं होतं. मी बांधावर उभा राहून तुला म्हणालो होतो, "आबा, पुढच्या साली गवतच पेर." तू माझ्याशी आठवडाभर बोलला नाहीस. पण पुढच्याच पावसाळ्यात माझी पाळी आली. पहिला हप्ता घातला आणि झड लागली. शेतात पाय घालायला वाफसा नाही, दुसऱ्या हप्त्याच्या गोण्या घरात ओल धरून दगड झाल्या. पाऊस उघडला तेव्हा मका माझ्या छातीला लागलेला. मी मुसळानं युरिया फोडला आणि चालत चालत वरून फेकला. तो पडायचा बुडाशी, पडला वर पोंग्यात, कोवळ्या पानांच्या पेल्यात. पानं अशी भाजली की एसटीतली माणसं तुझ्या मक्यावरून माना उंचावून बघायची. तू आलास, एक पान तोडून हातात धरलंस आणि विचारलंस, "सायब, हाई मका शे का पापड?"

उन्हाळ्यात मात्र तू हरला होतास, हे आता तरी कबूल कर. चाऱ्याच्या मक्याला तू सकाळी कोरड्या मातीवर युरिया टाकलास, दुपारी लाइट आली की पाणी सोडू म्हणून. लाइट दुसऱ्या दिवशी आली. तोवर त्या उन्हात युरिया हवेत उडून शेताला मुतारीसारखा वास सुटला होता. मी नाकाला रुमाल लावून म्हणालो, "बठ्ठा सूर्यनारायणले चढावा का, आबा?" तू ढेकूळ उचललंस. मारलं नाहीस, पण उचललं होतंस. शांत माणूस!

असं दरवेळी कुणी ना कुणी मध्ये यायचं. कधी पाऊस, कधी ऊन, कधी वीज. हरलेला म्हणायचा, मी हरलो नाही, आभाळ फुटलं. म्हणून या हिवाळ्यात निकाल लावायचं ठरलं. हिवाळी मक्याला ना पावसाची सबब ना उन्हाची, आणि पाणी आपल्या विहिरीचं. एकच बियाणं, एकाच दिवशी पेरणी, गोण्या दोघांच्या सारख्या. फरक फक्त शेवटच्या हप्त्याचा. मी म्हणालो, तुरा निघायच्या आधी ठरल्या वेळी तो पडलाच पाहिजे. तू म्हणालास, ऐन थंडीत टाकून उपयोग नाही. "थंडीमा मका जेवस नही. गोधडी लीसन बठस. थंडी मोडू दे, मंग वाढानं." मी म्हणालो, तोवर उशीर होईल, जेवणाची वेळ टळलेल्या पोराला मग पंगत वाढून काय होणार? निकाल कणसानं द्यायचा, आणि जो हरेल त्यानं पुढं जन्मभर तोंड मिटून दुसऱ्याचं ऐकायचं.

जन्मभर म्हणालो होतो आपण, आबा. केवढ्या ऐटीत.

मी ठरल्याप्रमाणे माझ्या वाट्याला शेवटचा हप्ता घातला, वाकून, एकेका बुडाशी, पापडाची आठवण ठेवून. आणि परत गेलो. त्या आठवड्यात थंडी अशी पडली की सकाळी पिंप्राळ्यात स्कूटरला दहा लाथा मारल्याशिवाय ती चालू होईना. तुझा फोन आला. तब्येत कशी, पोरं कशी, काही नाही. "तुनं खत सरीमा तसंच बठेल शे. मी दखी उनू."

"तुला काय दिसलं सरीत? युरिया काय वाटाणे आहेत का?"

"माले दिसस. थंडी मोडू दे, मंग दखाडस तुले."

मी काहीतरी म्हणायला गेलो तर रेंज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तो वहिनीचा. लोक शेवटी देवाचं नाव घेतात म्हणे. माझ्यापुरतं तू थंडीचं घेतलंस.

भाऊबंद बसले तेव्हा ठरलं की यंदाचं पीक हाती येईपर्यंत दोन्ही वाटे आप्पानं बघायचे. तुझ्या मुलाची, भूषणची पुण्याची नोकरी, तो किती दिवस राहणार? मी मान डोलावली. गंधमुक्ती होऊन सुतक फिटेपर्यंत घरच्या माणसानं मातीला हात लावायचा नाही ही आपली रीत, म्हणून पाणी भरायचं काम रतननानानं अंगावर घेतलं. ज्या पाळीवरून तुम्ही भांडलात, तीच पाळी तो आता तुझ्यासाठी धरत होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो ओट्याशी आला, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "आप्पा, आबाना मका पिव्या पडना. खालनी पानं गयात. मी टाकी देऊ का युरिया? मी तं परका शे, माले रीत नही आडी येत."

किती साधा प्रश्न होता. मी 'टाका' म्हणायला हवं होतं. जन्मभर मी तेच म्हणत आलो होतो, की वेळेवर टाका. पण तोंडातून निघालं, "नको नाना. थंडी मोडू द्या."

नानानं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच पाठीमागे दुसरा कुणी उभा आहे असं वाटलं.

तू असतास तर तुला सांगितलं असतं की हे मी तुला जिंकवायला केलं नाही. तुझा वाटा तुझ्याच मतानं हरला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. तू नाहीस म्हणून तुझ्या मक्यात माझं मत घुसवलं तर ती चोरी झाली असती. पण हे गावाला कोण सांगणार? गावाला रस्त्यावरून दोन तुकडे दिसत होते. बांधाच्या पलीकडे धाकट्या भावाचा मका काळाभोर, आणि अलीकडे गेलेल्या भावाचा पिवळा. आपल्या गावात मका खाण्याआधी रंगानं जोखतात, तुला माहीत आहे. तू स्वतः रस्त्याकडच्या ओळींना मूठभर जास्त घालायचास, एसटीतल्यांनी "हाई कोनं वावर?" असं विचारावं म्हणून. आता ते विचारत होते.

दहाव्याला नदीवर माझं डोकं भादरत होते. मान खाली, वस्तरा टाळूवर. मागं दोघं बसले होते, आवाजावरून आपलेच भाऊबंद. एक म्हणाला, "आप्पाना मका दखा का? काया शे." दुसरा म्हणाला, "आन आबाना? उपाशी मारी ऱ्हायना त्याले." पहिला हसला, "मंग काय! बाईमानूस कटाळीसन म्हनी, ल्या बाबा हाई वावर." म्हणजे वहिनीला कंटाळवून तुझा वाटा मी असा लाटणार होतो.

वस्तऱ्याखाली मान असलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही. न्हाव्याचा हात तेवढा थांबला. मी त्याला म्हणालो, "चालू द्या." त्यानं चालू दिलं. वर मान केली तेव्हा मागे बरीच माणसं बसली होती आणि सगळ्यांचे चेहरे अगदी दुःखी होते.

गंधमुक्ती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भूषणनं मला शेतात बोलावलं. वहिनीही आली होती, बांधावर डोक्यावरचा पदर हातानं धरून उभी. तुझा मुलगा तुझ्यासारखा दिसतो, पण तुझ्यासारखा भांडत नाही. तो नीट, हळू, ऑफिसात बोलावं तसं बोलतो, आणि ते जास्त लागतं.

"काका, तुमच्या वाट्याला युरिया पडलाय. बाबांच्या वाट्याला का नाही?"

"तुझे बाबाच म्हणाले होते, थंडी मोडू दे."

"कधी म्हणाले?"

"फोनवर. आदल्या दिवशी."

"आणि तुम्ही काय म्हणाला होता?"

काय म्हणालो होतो? वाटाणे.

"काका, मी लहानपणापासून बघतोय. बाबा पूर्व म्हणाले की तुम्ही पश्चिम म्हणायचात. त्यांच्या जिवंतपणी तुम्ही त्यांचं एक ऐकलं नाही. आता ते गेल्यावर ऐकताय, आणि तेही नेमकं त्यांचं पीक मरतंय तेव्हा?"

आबा, या प्रश्नाला मी पिंप्राळ्यात बसून नंतर पुष्कळ उत्तरं तयार केली. एकाहून एक. पण त्या वेळी बांधावर, गोटा केलेल्या डोक्यावर गार वारा घेत मी म्हणालो काय, तर "पीक मरत नाहीये, ते गोधडी घेऊन बसलंय." भूषणनं डोळे मिटून घेतले. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी मक्याकडे पाहत होती. ती काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती बोलली नाही.

भूषणनं तिथूनच रतननानाला हाक मारून युरिया टाकायला सांगितलं, आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही दगदग करू नका आता." इतक्या नीट शब्दांत मला कुणी कधी शेतातून हाकललं नव्हतं. तो पुण्याला गेला. नाना 'आज टाकतो, उद्या टाकतो' करत राहिला. आधी त्याचा गहू होता, मग त्याच्या घरी पाहुणे आले. आणि ज्या दिवशी त्याला वेळ मिळाला त्या दिवसाआधीच थंडी मोडली होती. दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागत होता. म्हणजे बघ, तुझा युरिया तुला हव्या त्या दिवशी, हवा तसा पडला. तुझं मत पाळून मी पोटच्यासारख्या पुतण्याच्या मनातून उतरलो, आणि माझ्यावरच्या रागानं त्यानं नकळत तेच मत पाळलं. गाव म्हणालं, भूषणनं बापाचं पीक वाचवलं. म्हणू दे. मला आतून असं वाटलं की चला, सामना अजून चालू आहे.

पुढच्या शनिवारी आलो तर तुझ्या वाट्यातली पिवळी झाक गेलेली. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन्ही वाटे सारखे. रंगावरून आता कुणाला काही सांगता येईना. तुरे निघाले, कणसांना केस आले. मी दोन्हीकडच्या कणसांवरून हात फिरवून पाहायचो, पण वरच्या सालींवरून काय कळतं? दाणा भरू दे, मग बघू, असं मी तुला मोठ्यानं म्हणालोसुद्धा. नाना पलीकडच्या शेतातून बघत होता. त्यानं माझ्याबद्दल आता काय मत केलंय, मी विचारत नाही.

मग भूषणचा फोन आला. तुझा वाटा त्यानं मुरघासवाल्याला, गुरांच्या आंबवलेल्या चाऱ्यासाठी, उभाच देऊन टाकला होता. दाणा दुधात आहे तोवर यंत्र येणार आणि मका मुळापासून वर सगळा कुट्टी करून नेणार.

"अरे, दाण्याला येऊ दे. महिनाभराचा तर प्रश्न आहे."

"आणि कापणी, मळणी? आईनं उन्हात उभं राहायचं?"

"मी आहे ना."

माझे ते तीन शब्द फोनमध्ये तसेच पडून राहिले. मग तो म्हणाला, "नको काका. असू दे." चूक त्याची नाही, आबा. आईचा विचार करणाऱ्या मुलाला मी कसं सांगू, की तुझ्या बापाला माझ्याशी जिंकायचं होतं, त्याला तेवढा महिना दे? हे कुठल्या तोंडानं सांगतात?

यंत्र रविवारी आलं. मी होतो. नसायला हवं होतं, पण माझी शेती रविवारीच असते. एवढा उंच, तुझ्या हातचा, भरायला आलेला मका त्या तोंडात जायचा आणि दुसऱ्या बाजूनं हिरवा भुगा होऊन ट्रॉलीत उडायचा. मी एक कणीस खाली पडलेलं उचललं, दाणा नखानं फोडला. पांढरं दूध आलं. त्यावरून काही ठरत नाही. दुधातल्या दाण्याला वजन नसतं, हे तूच मला लहानपणी हुरड्याच्या वेळी शिकवलंस.

दुपारपर्यंत बांधाच्या त्या बाजूला नुसते खुंट राहिले. यंत्रवाला घाम पुसत बांधाशी आला आणि माझ्या मक्याकडे बोट करून म्हणाला, "काका, हाऊ बी लई जाऊ का? एकच फेरा व्हई."

मी हिशोब केला. माझा एकट्याचा उभा राहिला आणि चांगला पिकला, तर नदीवरच्या त्या दोघांना जन्मभराचा विषय मिळाला. आणि तुझा वाटाच नसेल तर मी कुणाशी जिंकणार? समोरचा गडी आखाड्यातून उचलून नेल्यावर मांडी थोपटत उभं राहणाऱ्याला काय म्हणतात? मी 'ने' म्हणालो. खरंच म्हणालो.

यंत्रवाल्यांसाठी पाण्याची कळशी घेऊन वहिनी आली होती. तिनं कळशी खाली ठेवली. "नही," ती म्हणाली. "तो उभा ऱ्हाऊ द्या. आप्पानं हरनं आज्जून बाकी शे."

आबा, तो आवाज तिचा होता, पण ते बोलणं तुझं होतं, अगदी त्या तिरप्या तोंडासकट. तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. यंत्रवाला गोंधळून निघून गेला. ट्रॉली रस्त्याला लागली तेव्हा वहिनी खुंटांकडे बघत, मला नव्हे असं म्हणाली, "थंडी मोडू दे, आसं त्या माले बी सांगेल व्हतं."

म्हणजे तू म्हणालेलं तिला माहीत होतं. भूषण माझ्यासमोर उभा होता आणि मी तिच्याकडे पाहत होतो, त्या सकाळीसुद्धा माहीत होतं. तिच्या एका वाक्यानं मी सुटलो असतो. मुलाला नवऱ्याच्या भावासमोर खोटं पाडायचं नव्हतं तिला, की तेव्हा तुझं शेवटचं बोलणं कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं, की खरोखर तिलाही माझ्याबद्दल शंका आली होती, मला सांगता येत नाही. मी विचारलं नाही. कळशी उचलून तिच्या कमरेवर दिली. तुझ्या बायकोचा मला राग आला आहे आणि तिचे पाय धरावेसेही वाटतात, आणि या दोन्हीतलं काहीच मला येत्या रविवारी करता येणार नाही.

माझा मका आता दाण्याला येतोय. बाजूला मोकळं झाल्यामुळे वारा सरळ लागतो, दिवसभर वाजत असतो. कणीस सोलून बघायचा मला अजून धीर झालेला नाही. भरलेलं निघालं तर गाव काय म्हणेल ते मी वस्तऱ्याखाली ऐकलंय. पोचट निघालं तर तू काय म्हणाला असतास, तेही मला तोंडपाठ आहे.

मला पोचट हवं आहे, आबा.